नववी बॅग

ऑफिसात त्याला सगळे होयबा म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. एकदा कोणीतरी तोंडावरच विचारलं, "तुम्हाला होयबा म्हटलेलं चालतं ना?" तर हा म्हणाला, "हो हो, चालतं की!" तिथेच बारसं पक्कं झालं.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून कोणाचंही डोकं फिरेल. वय पंचेचाळीस, काम प्रोग्रामिंगचं, स्वभाव गरीब. समोरचा नाराज झालेला मात्र त्याला बघवत नसे. दुकानदाराने एक नंबर लहान बूट पायात कोंबून "बसला ना बरोबर?" असं विचारलं की हा "हो" म्हणे आणि वर्षभर लंगडत फिरे. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंकडे जेवायला बसला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "भोपळा आवडतो ना तुम्हाला?" हा म्हणाला, "हो, फार." भोपळ्याचा घास त्याच्या घशाखाली उतरत नसे. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. सासूबाई खालच्याच मजल्यावर राहत, संध्याकाळचं जेवण तिघांचं त्यांच्याकडेच होई, आणि जावयाला आवडतो म्हणून आठवड्यातून दोनदा न चुकता भोपळा होई. हा दोनदा वाढून घेई, म्हणजे लवकर संपेल. तो संपतो असं बघून सासूबाई पुढच्या वेळी जास्त करत.

सासूबाई बसस्थानकावरच्या सामानघरात कामाला होत्या, एकतीस वर्षं. प्रवाशांनी बॅग आणायची, लॉकरमध्ये ठेवायची, चिठ्ठी घ्यायची, परतताना चिठ्ठी दाखवून बॅग न्यायची. सगळे लॉकर उघडणारी एकच किल्ली होती आणि ती यांच्या कमरेला असे, म्हणून स्थानकावर त्यांना किल्लीबाई म्हणत. त्या किल्लीची दुसरी किल्ली नव्हती. करून घ्या, असं तीन अधिकारी सांगून गेले. बाईंनी तिघांनाही उभं केलं नाही. "दोन किल्ल्या झाल्या की दोन माणसं जबाबदार," त्या म्हणत, "आणि दोन माणसं जबाबदार म्हणजे कोणीच नाही."

पाळी बदलताना त्यांची एक रीत होती. किल्ली कमरेची सोडायची, समोरच्याच्या हातावर ठेवायची, आणि मग आपले दोन्ही हात पुढून-मागून उघडे करून दाखवायचे. समोरच्याने "मिळाली" म्हणायचं. तो "मिळाली" म्हणेपर्यंत दोघांपैकी कोणीही खुर्ची सोडायची नाही. एकदा दुसऱ्या पाळीचा माणूस शिंकत बसला, तर बाई पाच मिनिटं हात पसरून उभ्या होत्या.

आता योगायोग असा, की त्याच सामानघराच्या यंत्राचा प्रोग्राम होयबाच्या कंपनीकडे होता, आणि कंपनीने तो होयबाकडे दिला होता.

हा प्रोग्राम एका जुन्या, कडक शिस्तीच्या भाषेत लिहिलेला होता. वापरात असलेल्या प्रत्येक लॉकरसाठी यंत्राच्या मेमरीत एक राखणदार बसे. राखणदार जन्माला आला की लॉकरचं कुलूप लागे, राखणदार गेला की कुलूप उघडे. एका दाराला एकच राखणदार. होयबाच्या आधी हे काम बघणाऱ्या प्रोग्रामर बाईंनी त्यात स्पष्ट नियम घालून ठेवला होता की राखणदाराची नक्कल करता येणार नाही. कारण उघड होतं. एका दारावर दोन राखणदार बसले आणि त्यातला एक गेला, तर तो जाताना दार उघडून जाणार, आणि दुसरा उघड्या दारासमोर बसून "बंद आहे, बंद आहे" असं सांगत राहणार.

जुन्या सामानघरात आठ लॉकर होते, म्हणून राखणदारांची रांगही आठांचीच, पक्की बांधलेली होती. मग नवी पोलादी भिंत आली, तिच्यात चौसष्ट लॉकर आले, आणि साहेबांनी होयबाला विचारलं, "रांग वाढती करायची. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"हो," होयबा म्हणाला. विचारलं ते ऐकूही आलं नव्हतं नीट.

वाढती रांग या भाषेत अशी चालते. सुरुवातीला आठ जागा घ्यायच्या. नववा आला की यंत्र दुसरीकडे सोळा जागांचं मोठं मैदान घेतं, नवव्याला तिथे बसवतं, जुन्या आठांना तिकडे नेतं आणि जुनी जागा मोडून टाकतं. पण नेतं म्हणजे काय करतं? दुसरा काही मार्ग सांगितला नसेल तर प्रत्येकाची हुबेहूब नक्कल नव्या जागी बसवतं आणि अस्सल राखणदाराला मारून टाकतं.

होयबाने वाढती रांग लिहिली आणि प्रोग्राम कंपायलरकडे दिला. कंपायलर म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या पचनी पडेल असं करून देणारा तपासनीस. तो म्हणाला, नाही. या वस्तूची नक्कल करायला मनाई आहे. आणि पुढे चाळीस ओळी कारणं दिली.

होयबाला वाटलं, कोणीतरी आपल्यावर नाराज आहे! चाळीस ओळी नाराज! पहिली ओळ वाचून त्याने ती मनाई पुसून टाकली आणि खाली पाच ओळींत नक्कल करायची परवानगी लिहून दिली. कंपायलर गप्प झाला. होयबाला बरं वाटलं. पाच बॅगा ठेवून त्याने चाचणी घेतली, सगळं ठीक चाललं, आणि साडेपाचला तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या भिंतीपुढे रांग लागली. आठ बॅगा सुखरूप आत गेल्या. नववा प्रवासी कवळ्या बनवणारा कारागीर होता आणि त्याच्या बॅगेत सव्वीस कवळ्या होत्या. त्याने बॅग आत ठेवली, त्याचं दार लागलं, आणि त्याच क्षणी आधीची आठही दारं खाडकन उघडली. पहिल्या लॉकरमधून छत्र्या घरंगळल्या, चौथ्यातून कोणाचं तरी गजराचं घड्याळ पडलं आणि वाजायला लागलं. पडद्यावर मात्र नऊच्या नऊ दारं बंद दिसत होती. नकला आपापल्या जागी बसून इमानाने सांगत होत्या, "बंद आहे."

किल्लीबाईंनी सगळ्या बॅगा पुन्हा आत ठेवल्या आणि दारं किल्लीने लावली. सतराव्या बॅगेला सोळा दारं उघडली. तेहेतिसावीला बत्तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र नव्याने चालू झालं आणि पुन्हा नवव्यापासून तोच तमाशा.

चौकशी समिती बसली. समितीत तिघं होते: एक अध्यक्ष, एक सुरक्षा अधिकारी आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या एक बाई, ज्यांचं अक्षर फार सुंदर होतं. समितीने आधी कवळीवाल्याला धरलं. "सगळ्यांची दारं उघडली, मग तुमचंच कसं नाही उघडलं?" कवळीवाला म्हणाला, "मला काय माहीत?" इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'उत्तर टाळले.'

मग समितीने नऊ हा आकडाच रद्द केला. नवव्या लॉकरवर पट्टी चिकटवली आणि आठानंतर थेट दहा. दारं दहाला उघडली. मग सुरक्षा अधिकाऱ्याने मूळ दुखणं शोधून काढलं: आकडा बदलून उपयोग नाही, नववा माणूसच येता कामा नये. तशी पाटी लागली. 'नवव्या प्रवाशाने कृपया येऊ नये.' रांगेत आठव्याच्या मागे उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी एक मास्तरीणबाई वैतागून म्हणाल्या, "मी खांबाला फेरी मारून येते, म्हणजे दहावी होईन," आणि त्या खरंच फेरी मारून आल्या. सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना दहाव्या म्हणून सन्मानाने आत सोडलं. आठ दारं खाडकन उघडली.

तेव्हा समितीने प्रोग्रामरला बोलावलं.

किल्लीबाई भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. होयबाने त्यांना बघितलं, मान डोलावली आणि खाली बसला. अध्यक्षांनी गोड आवाजात सुरुवात केली.

"यंत्राच्या पडद्यावर दारं बंद दिसतात. बरोबर?"

"हो."

"म्हणजे यंत्राने ती उघडलेली नाहीत, असं म्हणता येईल?"

यंत्राने उघडली की नाही, हे होयबाने अजून तपासलंही नव्हतं. पण अध्यक्ष इतक्या आशेने बघत होते! "हो," तो म्हणाला.

"मग राहिली किल्ली. कोणी किल्लीने उघडली असू शकतात?"

"हो."

तीन वेळा हो. इतिवृत्तवाल्या बाईंनी तिन्ही सुंदर अक्षरात उतरवले. मग अध्यक्षांनी मान वळवून विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?" आणि तेव्हा कुठे होयबाला कळलं की आपण काय करून बसलो.

किल्लीबाई उठल्या. जावयाकडे त्यांनी बघितलंही नाही. कमरेची किल्ली सोडली, अध्यक्षांच्या हातावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे वर, मग पालथे. अध्यक्ष किल्ली खिशात टाकून उठायला लागले.

"मिळाली म्हणा," बाई म्हणाल्या.

"हो, ठीक आहे."

"मिळाली म्हणा. मी उभी आहे."

"मिळाली," अध्यक्ष म्हणाले.

होयबा त्या उघड्या हातांकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली, जन्मात वाटली नव्हती इतकी. पण तो मान खाली घालून बाहेर पडला.

बाईंची निवृत्ती चार महिन्यांवर होती. समितीचा निकाल सोमवारी लागणार होता आणि तो काय लागणार हे स्थानकावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं: एकतीस वर्षांच्या नोकरीवर चोरीचा शिक्का. त्यात दुसऱ्या दिवशी, किल्ली अध्यक्षांच्या खिशात असताना, दारं पुन्हा उघडली. कोणाही शहाण्या माणसाने यावरून बाईंना सोडून दिलं असतं. समितीने यावरून असा निष्कर्ष काढला की बाईंनी दुसरी किल्ली करून घेतली आहे.

ते ऐकून बाई पहिल्यांदा रडल्या. मुलीजवळ म्हणाल्या, "नुसतं चोर म्हणाले असते तर सोसलं असतं गं. पण दुसरी किल्ली? मी?" होयबा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवशीही भोपळा होता. बाईंनी तो वाढला, आणि तीन 'हो'बद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत. होयबाने दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे नकलेची परवानगी काढून टाकली. मनाई जशीच्या तशी परत घातली. कंपायलर पुन्हा म्हणाला, नाही, आणि पुन्हा चाळीस ओळी. या वेळी होयबाने त्या सगळ्या वाचल्या. खाली बोट धरून, शाळेतल्यासारख्या. तपासनीस काही रागावलेला नव्हता. तो आपला सांगत होता, की बाबा रे, तुझी रांग वाढली की मला यांना हलवावं लागेल. नक्कल करायला तू मनाई केलीस, आणि सोपवायचं कसं ते तू सांगितलं नाहीस. मग मी करू तरी काय?

सोपवायचं कसं! होयबा खुर्चीत ताठ बसला. ते तर त्याने परवाच डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याने लिहायला घेतलं. जुन्या राखणदाराने आपलं कुलूप नव्याच्या हातावर ठेवायचं. नव्याने ते घ्यायचं. आणि मग जुन्याने हात रिकामे करायचे, पुढून-मागून, अगदी रिकामे. रिकाम्या हाताचा राखणदार मेला तरी कुठलंच दार उघडणार नाही, कारण त्याच्या हातात दारच नाही. पूर्ण दिवस लागला. साहेब दोनदा येऊन विचारून गेले, "झालं ना?" पहिल्यांदा होयबा "हो, होतंच आलंय" म्हणाला. दुसऱ्यांदा तो ऐकत नव्हता, म्हणून काहीच म्हणाला नाही.

सोमवारी तो दोन्ही प्रोग्राम घेऊन समितीपुढे गेला. "मला दाखवायचंय," तो म्हणाला, "नऊ बॅगा लागतील." नव्या भिंतीपुढे टेबल मांडून किल्लीबाईंना त्याने तिथे बसवलं आणि म्हणाला, "आई, हात टेबलावर ठेवा, सगळ्यांना दिसतील असे." बाईंनी ठेवले.

आधी जुना प्रोग्राम. सहा रिकाम्या बॅगा त्याने आणल्या होत्या आणि तीन समितीच्या घेतल्या. आठ आत गेल्या. नववी ठेवली आणि आठ दारं खाडकन उघडली. सुरक्षा अधिकाऱ्याच्या बॅगेतून अर्धवट विणलेला गुलाबी स्वेटर बाहेर पडला. अध्यक्षांच्या बॅगेतून एक उशी आणि पायजमा. बाईंचे हात टेबलावर होते आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात होती.

"दारं मी उघडली," होयबा म्हणाला. "म्हणजे माझ्या प्रोग्रामने. नक्कल करायला मनाई होती, ती मी पुसली, कारण कंपायलर नाही म्हणत होता आणि मला ते सहन झालं नाही. यांचा काही संबंध नाही."

मग नवा प्रोग्राम. आठ बॅगा गेल्या. नववी गेली. सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि काही झालं नाही. मग सतरा झाल्या, तेहेतीस झाल्या. प्रवासी बिचारे मदतीला आपापल्या बॅगा देत होते. एक दार हललं नाही.

अध्यक्षांनी उशी बॅगेत कोंबली आणि घसा साफ केला. "छान. दुरुस्ती झाली, उत्तम झालं. आता अहवालाचं असं आहे की तो टाइप झालेला आहे, सात प्रतींत. त्यात बाईंचं नाव आहे. ते बदलायचं म्हणजे सातही बदलायच्या. बाई तशाही चार महिन्यांनी जाणार. तुमच्या कंपनीचं नाव यात यायला नको, आमचंही काम वाचेल. आहे तसंच राहू दे. चालेल ना?"

सगळे होयबाकडे बघायला लागले. अध्यक्ष हसले. सुरक्षा अधिकारी स्वेटर घडी घालता घालता हसला. होयबाच्या जिभेवर शब्द तयार होता, जन्माची सवय होती ती. त्याने टेबलावरच्या त्या दोन हातांकडे बघितलं. ते अजून तसेच होते, उघडे.

"नाही," तो म्हणाला.

इतिवृत्तवाल्या बाई गडबडल्या. "अहो, मी हो लिहून टाकलंय."

"खोडा."

"माझ्या वहीत खाडाखोड नसते हो!"

"आजपासून असेल," होयबा म्हणाला. तो उभा राहिला, ती ओळ खोडून होईपर्यंत. मग सात प्रती बदलल्या गेल्या. त्याच्या नावाचं कडक पत्र कंपनीला गेलं आणि साहेब त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, तो पुढचा भाग.

अध्यक्षांनी किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली आणि दाराकडे वळले.

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष थांबले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "मागून," बाई म्हणाल्या. त्यांनी पालथे केले. बाईंनी नीट बघून घेतलं.

"मिळाली," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. किल्ली परत कमरेला होती. बाईंनी भांड्यावरचं झाकण काढलं, डाव हातात घेतला, पण वाढला नाही.

"एक विचारू? खरं सांगाल?"

होयबाने मान डोलावली.

"त्या दिवशी तीनदा हो म्हणालात. मी दारं उघडली असं वाटलं होतं तुम्हाला?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं. 'नाही, छे, कसं वाटेल' म्हटलं की सगळं गोड झालं असतं.

"मला काहीच वाटलं नव्हतं, आई. मी विचारच केला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते, म्हणून म्हणालो."

बाई म्हणाल्या, "वाटलं असतं तर मला कमी लागलं असतं." आणि डाव भांड्यात घातला. "भोपळा?"

"नाही."

डाव हवेत थांबला. "पोट भरलंय?"

"आवडत नाही मला. कधीच नव्हता आवडत."

बायकोच्या हातातला घास तसाच राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, भांड्यातल्या भोपळ्याकडे बघितलं, एकोणीस वर्षांचा हिशेब बहुधा मनातल्या मनात केला, आणि डाव सावकाश परत भांड्यात ठेवला. त्या उठल्या.

"अंडं तळून देते. ते तरी आवडतं का?"

होयबाला खरंच आठवून बघावं लागलं. बाई गॅसपाशी उभ्या होत्या, हातात अंडं, घाई नव्हती.

"हो," तो म्हणाला.